अभिज्ञान, वस्तू आणि गंध

चित्रपटातील किंवा दूरचित्रवाणी मालिकेतील एखादा प्रसंग पाहताना आरशापुढची पावडरची डबी, न्हाणीघरातला साबण किंवा अत्तराची कुपी नेमकी कोणत्या कंपनीची आहे हे ओळखण्यात प्रेक्षकाला एक विशिष्ट आनंद होत असतो. समीक्षेने या आनंदाची दखल सामान्यतः दोन प्रकारे घेतलेली दिसते. एक तर कलाकृतीत झालेला जाहिरातीचा शिरकाव म्हणून त्याचा निषेध होतो, किंवा वास्तववादी तपशिलाचे फळ म्हणून त्याचे कौतुक होते. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. वस्तू ओळखणारा प्रेक्षक कोण, कुठला, आणि तो ओळखतो म्हणजे काय करतो, हा प्रश्न दोन्हींमध्ये उपस्थितच होत नाही.

या प्रश्नासाठी आपल्या परंपरेत एक समर्पक संज्ञा उपलब्ध आहे. कालिदासाने आपल्या नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' योजले आहे. दुष्यंताचे नाव कोरलेली अंगठी त्याच्यासमोर येते आणि तिच्याद्वारे त्याला शकुंतला आठवते. अंगठी हे साधन आहे, ओळखले जाणे हे व्यक्तीच्या वाट्याचे आहे. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये अभिज्ञानाचे प्रकार सांगताना केवळ खुणांवरून घडणाऱ्या अभिज्ञानाला सर्वांत कमी कलात्मक ठरवले. खूण बाहेरून आणून ठेवता येते, ती कथानकातून उगवलेली नसते, हा त्यामागचा विचार. पडद्यावरील साबण ओळखण्याच्या कृतीत हा संबंध आणखी एक पायरी खाली उतरतो. येथे खुणेवरून व्यक्ती ओळखली जात नाही, तर खूणच ओळखली जाते आणि व्यक्ती मागे पडते. दुष्यंताने अंगठी पाहून केवळ ती घडवणाऱ्या सोनाराचे नाव सांगावे, तसा हा प्रकार आहे.

परंतु एवढ्यावर थांबणे योग्य ठरणार नाही. रोलां बार्थ याने १९६८ मध्ये 'वास्तवाचा परिणाम' ही संकल्पना मांडताना फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाचा दाखला दिला. कथानकाला काहीही उपयोग नसलेली अशी वस्तू 'हे खरे आहे' एवढेच सुचवते, असे त्याचे म्हणणे. फ्लोबेरचा वायुभारमापक मात्र निनावी होता. वाचकाला तो दुकानात जाऊन मागता येत नव्हता. नाव असलेली डबी 'हे खरे आहे' यासोबतच 'हे मिळते' असेही सांगते. शिवाय सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. चित्रपटाला गंध नाही आणि स्पर्शही नाही. कुपी दिसते, सुगंध येत नाही. तो प्रेक्षकाने स्वतःच्या स्मृतीतून पुरवायचा असतो. ज्याने ती वस्तू कधी वापरली नाही त्याच्यापाशी केवळ आकार आणि अक्षरे उरतात. म्हणून ओळखीचा प्रश्न अपरिहार्यपणे वर्गाचा आणि स्थानाचा प्रश्न होतो.

भारतीय संदर्भात वस्तू आणि पडदा यांचे नाते बरेच जुने आहे, आणि वस्तू प्रत्यक्ष दृश्यात असण्याची त्याला गरज नसते. लक्स साबणाच्या जाहिरातीत भारतीय चित्रपट-अभिनेत्री प्रथम आली ती १९४१ मध्ये, आणि ती होती लीला चिटणीस. त्यानंतर त्यांचा चेहरा पडद्यावर आला की साबण दृश्यात नसतानाही प्रेक्षकाच्या मनात उपस्थित असणे शक्य झाले. म्हणजे वस्तू प्रसंगात शिरली नाही, तर नटीच्या कांतीतून प्रसंगात वावरू लागली. १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेला व्हिको या पेंढरकर कुटुंबाच्या उद्योगसंस्थेचे प्रायोजकत्व होते. तेथे वस्तू प्रसंगाच्या उंबरठ्यावर उभी राहिली: आधी मलम, मग विनोद. पुढे मालिकांमध्ये डबीवरील नाव झाकण्याची किंवा धूसर करण्याची रीतही रूढ झाली. झाकलेले नाव हेही चिन्हच असते. ते प्रेक्षकाला ओळखण्याचे आव्हान देते आणि वस्तूकडे अधिकच लक्ष वेधते.

गंध दाखवता येत नसेल तर तो उच्चारता येतो, हे दोन इंग्रजी चित्रपटांनी चांगले जाणले. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) मध्ये कैदेतला हॅनिबल लेक्टर काचेच्या भोकांतून हुंगून क्लॅरिस स्टार्लिंग कोणते मलम लावते ते सांगतो, आणि 'लेर द्यू तां' हे अत्तर ती कधी कधी लावते पण आज लावलेले नाही, असेही सांगतो. लगोलग तो तिची चांगली पिशवी आणि स्वस्त बूट यांवरून तिचे गरीब, ग्रामीण मूळ उघडे करतो. नीना रिचीचे ते अत्तर १९४८ चे. प्रेक्षकाला ते ठाऊक नसले तरी प्रसंग उणा होत नाही, कारण येथे अत्तराची जाहिरात नसून माणसाला त्याच्या वस्तूंवरून वाचण्याच्या क्रौर्याचे चित्रण आहे. 'सेंट ऑफ अ वुमन' (१९९२) मधील आंधळा लष्करी अधिकारी स्लेड हाही स्त्रियांची अत्तरे आणि साबण नावानिशी सांगतो. परंतु तेथे नाव घेणे हा दृष्टी गेलेल्या माणसाचा अभिमान आहे आणि समोरच्या व्यक्तीपर्यंत पोचण्याची वाटही आहे. दोन्ही ठिकाणी नाव संवादात, म्हणजे भाषेत आहे, आणि त्यातून व्यक्तीच ओळखली जाते. अभिज्ञान येथे मूळ पदावर परत येते.

आता हाच प्रश्न माळशिरस तालुक्यातील नातेपुते येथून पाहिला तर काय दिसते? अशा बाजारगावी प्रसाधनाची ओळख झाली ती बहुधा दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळेतून. १९८३ मध्ये कडलूर येथे सुरू झालेल्या 'चिक'सारख्या शाम्पूंनी पुडीचा हा मार्ग देशभर रुंद केला. पडद्यावर दिसते ती बाटली, हाती येते ती पुडी, नाव मात्र एकच. या प्रेक्षकाची ओळख खोटी नाही, ती वेगळ्या मापाची आहे. दुसरीकडे, श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर नातेपुते येथे मुक्काम करते. ज्याच्या कपाळाला दरवर्षी बुक्का लागतो त्याला वारीचे दृश्य असलेल्या चित्रपटात काळा टिळा दिसताच गंध आठवतो. तो टिळा पाहताना कोणी उत्पादकाचे नाव शोधत नाही, तरीही अभिज्ञान पूर्ण होते. महानगरी प्रेक्षकाला येथे फक्त रंग दिसण्याची शक्यता आहे. तेव्हा ओळखण्याची क्षमता असमान आहे हे खरे, परंतु ती एकाच दिशेने असमान नाही. परकीय अत्तर ओळखणाऱ्याला जाणता आणि बुक्का ओळखणाऱ्याला भाबडा प्रेक्षक मानणारी समीक्षा लेक्टरच्याच काचेमागे बसलेली असते.

मराठी चित्रपटाने या कोंडीला दिलेले सर्वांत विचारपूर्ण उत्तर सचिन कुंडलकर यांच्या 'गंध' (२००९) या चित्रपटात आढळते. त्यातील पहिल्या कथेत लग्नाची वाट पाहणारी वीणा एका तरुणाच्या अंगच्या सुगंधाकडे ओढली जाते. प्रेक्षक सवयीने अत्तराच्या कुपीची वाट पाहतो, पण ती येत नाही. तो गंध उदबत्तीच्या कारखान्यातला निघतो. विकत घेऊन अंगाला लावलेला नव्हे, काम करताना अंगाला लागलेला. याच कथेवर कुंडलकरांनी पुढे हिंदीत 'अय्या' (२०१२) केला. ज्या सुगंधाला आपण वस्तू म्हणून ओळखू पाहतो त्यामागे कोणाचे तरी हात असतात, हे सत्य येथे उपदेशाविना कथानकातून उगवते. खूण बाहेरून आणलेली नाही, म्हणून ॲरिस्टॉटलचा आक्षेपही येथे लागू पडत नाही.

यावरून काही निकष सुचतो का? क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याला काव्याचे जीवित मानले. ते तत्त्व येथे उपयोगी पडते. दृश्यातील डबीवरचे नाव पुसून पाहावे. त्यामुळे काहीच बिघडत नसेल तर ते नाव उपरे आहे. व्यक्तीविषयीचे काही नाहीसे होत असेल तर ते उचित आहे. आणि नाव नसल्यामुळेच अर्थ उजळत असेल, तर 'गंध'प्रमाणे तेथे मौनच उचित आहे. मात्र या कसोटीत 'काय बिघडते' याचे उत्तर एकट्या समीक्षकाने देऊन चालणार नाही. पुडीवरून बाटली ओळखणाऱ्या आणि टिळ्यावरून गंध आठवणाऱ्या प्रेक्षकाचीही साक्ष तेथे काढावी लागेल. ती काढल्यावाचून औचित्याचा विचार हा एका वर्गाच्या अभिरुचीचा विचार ठरेल.