वाल्पुएस्ता येथील दप्तर : एक परीक्षण

स्पेन देशाच्या उत्तर भागांत, बुर्गोस प्रांतांत, वाल्पुएस्ता नांवाचें एक लहानसें खेडें आहे. लोकवस्ती अत्यल्प, पण तिच्या मानानें तेथील सांता मारिआचें देवालय फारच मोठें आहे. ११ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथें बिशपची गादी होती. पुढें ती बुर्गोसच्या गादींत विलीन झाली. गादी गेली, परंतु दप्तर राहिलें. तेथील दानपत्रें व खरेदीपत्रें दोन वह्यांत उतरलेलीं आहेत. जुनी वही विसिगोथिक वळणाची, म्हणून ती 'बेसेर्रो गोतिको'. दुसरी १२३६ सालीं केलेली, ती 'बेसेर्रो गालिकानो'. बेसेर्रो म्हणजे वासरूं. चामड्याच्या बांधणीवरून अशा वह्यांस हें नांव पडलें.

या वह्यांची नवी आवृत्ति रुइस आसेन्सिओ, रुइस आल्बी व एर्रेरो हिमेनेस या त्रयीनें २०१० सालीं प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं स्पॅनिश अकादमीनें या वह्यांतील कास्तिलियन शब्द सर्वांत जुने होत, असा निर्वाळा दिला. तेव्हांपासून 'स्पॅनिश भाषेचा जन्म ८०४ सालीं वाल्पुएस्ता येथें झाला' असें विधान सर्रास केलें जातें. हें विधान आम्हांस मान्य करतां येत नाहीं. त्याचीं कारणें अशीं.

८०४ हें साल आलें कोठून? बिशप योहान यानें ओसाड पडलेलें देवालय पुन्हां वसविलें, असें सांगणारा लेख व दुसऱ्या अल्फोन्सो राजाची सनद, या दोन्हींवर एरा ८४२ आहे. आपल्याकडे शकांत ७८ मिळवितात, त्याप्रमाणें स्पॅनिश एरांतून ३८ वजा केले म्हणजे इसवी सन येतो. परंतु सनद बनावट व योहानचा लेख प्रक्षिप्त, अशी शंका अनेक अभ्यासकांनीं घेतलेली आहे. गादीचा हक्क जुना ठरविण्यांत ज्यांचा लाभ होता, त्यांच्याच दप्तरांत हे कागद सांपडतात, हें विसरतां कामा नये.

दुसरें असें कीं, मूळ पत्रें आज नाहींत; आहेत त्या नकला. गोतिको वही एका हातची नसून अनेक लेखकांनीं वेगवेगळ्या काळीं लिहिलेली आहे. पत्राची मिति व त्याच्या नकलेची मिति या दोन भिन्न गोष्टी होत. नकल करणारा स्वतःच्या बोलींतला शब्द नकळत घालून जातो, हा अनुभव आपल्या वाचकांस नवा नाहीं. शिवाय विसिगोथिक लिपींत रोमन दहाच्या चिन्हास शेपटी जोडली कीं तें चाळीस होतें. ती शेपटी नजरेआड झाली कीं तीस वर्षांचा फरक पडतो. म्हणूनच संपादकत्रयीनें लेखकांच्या हातांची जी छाननी केली आहे, ती आमच्या मतें या आवृत्तीचा सर्वांत मोठा गुण होय.

तिसरा मुद्दा भाषेचा. सान मिल्यानच्या मठांतील ६० क्रमांकाच्या पोथींत समासांत व ओळींमध्यें ज्या टीपा आहेत, त्या लॅटिनचा अर्थ कळावा म्हणून बोलींत मुद्दाम लिहिलेल्या आहेत. मेनेन्देस पिदाल यांनीं त्या १० व्या शतकांत ठेविल्या. पुढील कित्येकांनीं त्या ११ व्या शतकांत आणल्या. वाल्पुएस्ता येथील लेखकांस मात्र लॅटिनच लिहावयाचें होतें. तें साधलें नाहीं म्हणून विभक्तिप्रत्यय गळाले व बोलींतला शब्द आंत शिरला. असा शब्द मोलाचा खरा. पण त्यास भाषेचा जन्म म्हणणें योग्य नव्हे. भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडीं आधींपासून होतीच. कागदानें तिची फक्त साक्ष दिली.

मग या खेड्याचें महत्त्व उणें होतें काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. ८०४ चा आग्रह सोडला तरी १० व्या व ११ व्या शतकांतील जमिनींचे, देवघेवीचे व सामान्य माणसांच्या नांवांचे इतके दाखले एका लहान गांवीं राहिले, ही गोष्ट लहान नव्हे. खोट्या सनदेच्या आधारानें उभी केलेली कीर्ति ती सनद ढासळली कीं खऱ्या कागदांसही संशयांत ओढते. गांवाचें खरें नुकसान तेंच. संग्राहकांनीं येथून एवढेंच घ्यावें : नकल टाकूं नये, पण तिच्यावर मूळची मिति लिहून मोकळेंही होऊं नये. हात कोणता, हें प्रथम नोंदवावें. वय मागाहून ठरवावें.