मोशेची शिक्षा : अपराध नेमका कोणता?

आज आपण एकच प्रसंग घेऊ. यहुदी धर्मग्रंथ तोरा, त्यातलं चौथं पुस्तक. मराठी बायबलात त्याला ‘गणना’ म्हणतात. त्याचा 20वा अध्याय. कादेशच्या रानात पाणी नाही. मोशेची बहीण मिर्याम नुकतीच वारली आहे. लोक भांडायला उठले आहेत. देव मोशेला सांगतो : काठी घे, लोकांना जमव आणि त्यांच्यादेखत खडकाशी बोल. मोशे लोकांना बंडखोर म्हणतो, आम्ही तुमच्यासाठी यातून पाणी काढायचं काय, असं विचारतो आणि खडकावर दोनदा काठी मारतो. पाणी भरपूर येतं. माणसं पितात, गुरं पितात. आणि निर्णय येतो : मोशे आणि अहरोन या समुदायाला वचनदत्त देशात नेणार नाहीत.

एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा? भाष्यकार शतकानुशतकं या प्रश्नाशी झगडले आहेत. 11व्या शतकातला राशी म्हणतो, बोलायला सांगितलं असताना मारलं, हाच दोष. पण मग काठी घ्यायला सांगितलीच कशाला? शिवाय ‘निर्गम’च्या 17व्या अध्यायात खडकावर मारण्याचीच आज्ञा होती. 12व्या शतकातला मैमोनिदेस म्हणतो, दोष रागाचा. देव रागावलेला नसताना नेता रागावला, त्यामुळे लोकांना वाटलं देवच रागावलाय. तत्त्वज्ञाला शोभणारं उत्तर आहे, आम्हालाही ते बरीच वर्षं पटत होतं. पण 13व्या शतकातल्या नाखमनिदेसचा आक्षेप बिनतोड आहे : मूळ पाठात रागाचा शब्दच नाही, आणि शिक्षा तर न रागावलेल्या अहरोनलाही झाली. त्याचा कल ‘आम्ही’ या शब्दाकडे आहे. पाणी देणारा देव. श्रेय मात्र दोघा भावांकडे गेल्यासारखं झालं.

या सगळ्या वाचनांत एक गृहीत दडलेलं आहे. शिक्षा मोठी, म्हणजे अपराधही तेवढाच मोठा असणार, तो शोधा. आपल्याकडचा श्रोता तर पटकन म्हणेल, हा कर्मसिद्धांतच. तसं म्हणता येणार नाही. कर्माच्या फळाशी युक्तिवाद करता येत नाही. इथे मोशे देवाची विनवणी करतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात ती आहे, आणि देव त्याला गप्प करतो : पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस. इथे ऐकणारा कुणीतरी आहे, आणि ऐकूनही तो नाही म्हणतो. हे कर्मफळापेक्षा सोपं नाही, उलट जास्त बोचणारं आहे.

मग वाचायचं कसं? आम्हाला वाटतं, अपराधाचं वजन करणं थोडं थांबवून निर्णयाचे शब्द पाहावेत. कारण दिलंय ते असं : तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, लोकांच्यादेखत माझं पावित्र्य राखलं नाही. ‘लोकांच्यादेखत’ हा शब्द महत्त्वाचा. दोष चारचौघांतला आहे, पदावरून घडलेला आहे. शिक्षाही पदाचीच आहे. मोशेचा मान जात नाही, त्याच दिवशी नेतृत्वही जात नाही. जातं ते काम पुरं करण्याचं भाग्य. ते यहोशवाकडे जातं. आणि पाणी आलं, लोकांची तहान भागली, म्हणून नेत्याचं वागणं बरोबर ठरलं, असं हा ग्रंथ म्हणत नाही.

तरी शिक्षा कठोर वाटते, हे आम्ही नाकारत नाही. ‘अनुवाद’मध्ये मोशे स्वतः लोकांना सांगतो, तुमच्यामुळे देव माझ्यावर रागावला. ‘गणना’ दोष त्याच्यावर ठेवते, तो लोकांवर ठेवतो. संकलकांनी दोन्ही ठेवलं, एकही खोडलं नाही. आपणही खोडू नये.

आपला मोह असतो तो वेगळाच. कुणाच्या वाट्याला मोठं दुःख आलं की आपण म्हणतो, ‘काहीतरी केलंच असणार.’ शेजारच्या घरापासून इतिहासातल्या थोरांपर्यंत आपण हेच करतो. भाष्यकार मोशेच्या माथी एकेक नवा अपराध मारत गेले, तेव्हा त्यांना देवाचा न्याय वाचवायचा होता. हेतू चांगला, पण त्यापायी माणूस जास्त दोषी ठरत गेला. ग्रंथाने मात्र शेवटी मोशेला नबो डोंगरावर उभं केलं, सगळा देश दाखवला, आणि त्याच्यासारखा संदेष्टा पुन्हा झाला नाही असं लिहून ठेवलं. शिक्षा आणि थोरवी, दोन्ही एकाच पानावर.

आज इथेच थांबू.