रबर, पोलाद आणि एक फसवा प्रश्न

'रबरापेक्षा पोलाद अधिक स्थितिस्थापक असते. कारण द्या.' हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विचारत आलो. उत्तरही ठरलेले: पोलादाचा यंग गुणांक जास्त म्हणून. जे. ई. गॉर्डन यांचे 'स्ट्रक्चर्स' (१९७८) हे इंग्रजी पुस्तक वाचल्यावर हा प्रश्न बंद करावा असे आम्हाला वाटते.

स्थितिस्थापकता म्हणजे भार काढल्यावर पूर्वस्थितीला येणे. शब्दच तसे सांगतो. यंग गुणांक मोजतो तो ताठरपणा. साध्या पोलादाची एक मीटर तार सुमारे सव्वा मिलिमीटर ताणली की त्यापुढे ती कायमची लांबते. रबर दुप्पट ताणूनही जवळजवळ पूर्ववत होते. मग अधिक स्थितिस्थापक कोण? मजबुती ही आणखी तिसरीच गोष्ट. साधे पोलाद आणि पियानोच्या तारेचे पोलाद यांचा यंग गुणांक जवळपास सारखाच, सुमारे दोन लाख मेगापास्कल. मजबुतीत मात्र कित्येक पटींचा फरक. पूल तुटू नये यासाठी एक हिशोब लागतो, तो फार वाकू नये यासाठी दुसरा. आपला विद्यार्थी मात्र सगळ्याला 'मजबूत' म्हणून मोकळा होतो.

गॉर्डन या कल्पना वेगळ्या ठेवतात. त्यांची बिस्किटे-जेली आपल्याला परकी. पापड ताठर पण कमजोर, नायलॉनची दोरी लवचीक पण मजबूत, असे आपण म्हणू. पुस्तकाचा गाभा आम्हाला वाटतो तो हूकच्या नियमाचा अर्थ. जमीन आपल्याला वर ढकलते ती कुठून? 'क्रिया-प्रतिक्रिया' म्हणून आपण गप्प बसतो. गॉर्डन दाखवतात की फरशी आपल्या वजनाने किंचित दबते, तिचे अणू जरा जवळ येतात, म्हणूनच ती उलट ढकलू शकते. न दबणारा पदार्थ भार पेलूच शकणार नाही!

न्यूटनच्या हूकद्वेषामुळे ही विद्या मागे पडली, हे त्यांचे म्हणणे मात्र जरा जास्तच रंगवलेले वाटते. जहाजे आणि शिडे यांतही ते फार रमतात.

हे काही प्रयोगांचे पुस्तक नव्हे. तेवढी भर शिक्षकांनी घालावी. फूटपट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरा, बाहेरच्या टोकाला एकेक नट अडकवत वाक मोजा. भार दुप्पट केला की वाक दुप्पट होतो. मग बाहेरची लांबी दुप्पट करून पाहा: तेवढ्याच भाराने वाक सुमारे आठपट होतो, आणि नट काढले की पट्टी मूळ जागी येते.