माया किती बोटं सोडली?

मराठी कवितेत गोधडी फार स्वस्त झाली आहे. कवीला गरिबी दाखवायची असली की तो गोधडी अंथरतो. आई दाखवायची असली की गोधडी पांघरतो. आणि समीक्षकाला आपलं लिखाण मोडीत काढायचं असलं की तो म्हणतो, रचना ठिगळं जोडल्यासारखी आहे, एकसंध नाही. एकाने ऊब म्हटलं, दुसऱ्याने ठिगळ म्हटलं. पण ती शिवली कशी, हे दोघांपैकी कुणी विचारलं? दोघांनी गोधडी बघितली. वाचली कुणीच नाही.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. नंदुरबार जिल्ह्यातला माणूस. सौंदर्यशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. पण धागा तुटला तर का तुटला, हे मला सांगता येतं. त्यामुळे कापडाबद्दल कुणी अर्धवट बोललं की कानाला लागतं.

तेव्हा मित्रांनो, आधी एक चौक शिवून बघू. कागदावरच शिवू.

नऊ तुकड्यांचा चौक घ्या. आडवे तीन, उभे तीन. शिवून झाल्यावर प्रत्येक तुकडा पाच बोटं दिसला पाहिजे. मग कापायचा किती? पाच बोटं कापला तर फसला. कारण शिवणीत दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं बोट आत जातं. या आत जाणाऱ्या कापडाला शिंपी माया म्हणतात. म्हणून तुकडा सहा बोटं कापायचा. एक बोट मायेत जातं, पाच दिसतात, चौक पंधरा बोटं भरतो. माया न धरता कापला तर तुकडा चार बोटं उरतो आणि चौक बारा बोटांवर येतो. असे पाच चौक एका ओळीत लावले की पंधरा बोटांची तूट आली. बारा बोटांची एक वीत. म्हणजे गोधडी सवा वीत कमी पडली. त्या सवा वीतीत कडेला झोपलेल्या पोराची पाठ उघडी पडते.

आमची माय अहिराणीत एवढंच म्हणते, "माप चुकनं का थंडी मझार घुसस." माप चुकलं की थंडी आत शिरते. यात हिशेब आहे आणि हिशेब कशासाठी करायचा तेही आहे.

आता त्रिकोण घ्या. चौकोनाची कोनाकोनी घडी घालून कापला की दोन त्रिकोण होतात. गडद आणि फिका त्रिकोण जोडीने शिवला आणि अशा चार जोड्या फिरवून बसवल्या की भिंगरी तयार. दिसायला सोपं. पण कापडात ताणा उभा असतो, बाणा आडवा असतो. तिरप्या कापाला दोघांपैकी कुणीच धरून ठेवत नाही. ती कड हाताने नुसती ओढली तरी लांबते आणि चौक वाकडा होतो. जाणती बाई काय करते? तिरपी कड तिरप्या कडेला लावून आत घेते, सरळ कड बाहेरच्या अंगाला ठेवते. मग चौक हलत नाही. शिवाय कोऱ्या सुती कापडाचा तुकडा असला तर तो आधी पाण्यातून काढते, कारण कोरं सुती आटतं. शेजारी बसलेली पॉलिस्टर साडीची चिंधी आटत नाही. पहिल्याच धुण्यात दोघांचं भांडण लागतं आणि शिवण गोळा होते.

हे तिला कुणी फळ्यावर शिकवलं नाही. पण म्हणून ते ज्ञान नाही असं म्हणाल, तर आपल्याला अडाणी म्हणणाऱ्यांच्याच ओळीत जाऊन बसाल.

मराठी कवीला गोधडीत आईची माया दिसते. तिने शिवणीत सोडलेली अर्ध्या बोटाची माया दिसत नाही. का दिसत नाही? कारण आई फक्त प्रेम करते असं त्याने ठरवून टाकलं आहे. ती मोजते, एक रंग घेते, दुसरा नाकारते, चुकलेली शिवण उसवते, हे मान्य केलं तर तिला कलावंत म्हणावं लागेल. आणि कलावंत म्हटलं की तिचं नाव लिहावं लागेल, दाम द्यावं लागेल. प्रेमाला दाम द्यावं लागत नाही. म्हणून प्रेमाचं कौतुक परवडतं.

आता आपल्यातल्या मित्रांशी बोलतो. काही जण म्हणतात, चिंधी हे गुलामीचं चिन्ह आहे, ते कवितेतूनही फेकून द्या. हा राग मला कळतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रं घालावीत असा हुकूम आहे. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं गेलं. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी बोलले, तेव्हा त्यांनी ठिगळाची लाज धरायला सांगितलं नाही. ठिगळं असली तरी चालतील, वस्त्र स्वच्छ ठेवा आणि स्वतःला अस्पृश्य समजू नका, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. म्हणजे त्यांनी ठिगळ आणि लाज वेगळी केली. आपण ती पुन्हा एकत्र का शिवतो?

आणखी मागे जा. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराची गोष्ट आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धाने मगधातली शेतं पाहिली. बांध घातलेले चौकोनी वाफे, आडवे-उभे. त्याने आनंदाला विचारलं, भिक्खूंसाठी असं चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे जोडून तसं चीवर केलं. बुद्धाने त्याला शहाणा म्हटलं, कारण थोडक्यात सांगितलेलं त्याने तपशिलासकट समजून घेतलं होतं. शिवण बघून बुद्ध बुद्धीची तारीफ करतो, हे ध्यानात घ्या. उकिरड्यावरून, स्मशानातून उचललेल्या कापडाचं चीवरही भिक्खूला चालत होतं. मनूचं कापडही प्रेताचं आणि पांसुकूलही स्मशानातलं. फरक कुठे? एक हुकमाने अंगावर टाकलं. दुसरं स्वतः उचललं, धुतलं, मोजलं, कापलं आणि नव्याने जोडलं.

हाच फरक समुद्रापलीकडे दिसतो. आपण १९७२ मध्ये पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून घेतलं. अलाबामात जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. १९६२ मध्ये, नदीपलीकडे जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवायची तयारी सुरू झाली, तर गावाची नाव बंद करण्यात आली. ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या भागातल्या बायांनी १९६६ मध्ये गोधड्यांची सहकारी संस्था काढली. त्यांचा एक नमुना आहे, चौकोनात चौकोन, त्याला त्या घराचं छप्पर म्हणतात. मिसूरी पेटवे या बाईने नवरा वारल्यावर १९४२ मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. मेलेल्या माणसाचेच कपडे, पण हुकूम कुणाचाच नाही. २००२ मध्ये या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये टपालाच्या तिकिटावर आल्या. आणि २००७ मध्ये त्यातल्याच काही बाया हक्क आणि पैशासाठी कोर्टात गेल्या. खटले पुढच्या वर्षी आपसात मिटले. भिंतीवर लागलं म्हणजे न्याय मिळाला असं नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आपल्याकडे बघा. नंदुरबारमधून दरवर्षी किती घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ट्रकमध्ये भांडी, कोयते आणि गोधड्या. कोपीत गोधडी हीच गादी, हीच भिंत, हीच बाळाची झोळी. जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शंभरात ६९ माणसं आदिवासी होती. इथे गोधडी एका जातीची नाही. भिल्ल, पावरा, बौद्ध, सगळ्यांच्या अंगावर ती आहे. तीच गोधडी शहरात गेली की हस्तकला होते, तिला किंमत चिकटते, शिवणारीचं नाव गळून पडतं.

शेजारच्या धुळ्याच्या शरद पाटलांनी १९८८ मध्ये अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर पुस्तक लिहिलं. सौंदर्य कुणाचं आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न साहित्यापुरता ठेवून भागणार नाही. तो गोधडीपर्यंत आणला पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कवितेत गोधडी आणायची असेल तर आधी ती उलटी करून बघा. शिवण आतून कशी गेली, माया किती सोडली, कुठे उसवून पुन्हा घातली, ते बघा. मग लिहा. समीक्षकाने ठिगळ म्हटलं तर त्याला विचारा, जोड कुठे सुटला ते दाखव. दाखवता आला तर ऐकून घ्या, कारण सुटलेला जोड हा दोषच आहे. गरिबीचं नाव सांगून तो झाकू नका. आणि १४ एप्रिलला वस्तीत प्रदर्शन मांडाल, तेव्हा पोस्टरांच्या शेजारी गोधड्या लावा. प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव, गाव, किती दिवस लागले आणि दाम लिहा. दाम तिला विचारून लिहा.

जय भीम.