उपकरणफलकावरील अक्षरे : एका उपेक्षित लेखनप्रकाराचा विचार

शिलालेख किंवा ताम्रपट वाचणाऱ्या अभ्यासकाला लेखाचा अर्थ लेखाच्या स्थानापासून तोडता येत नाही, हे नव्याने सांगावे लागत नाही. विमानाच्या उपकरणफलकावरील नामाक्षरे मात्र यंत्रशास्त्रातील किरकोळ बाब समजली जातात. वस्तुतः तोही लेखच होय. आणि घरी बांधलेल्या विमानात तर त्याचा लेखक एकटा असतो. अमेरिकेत अशा हौशी विमानबांधणीला १९५३ साली स्थापन झालेल्या एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनमुळे संघटित रूप आले. कारखान्यातील विमानाचा फलक अनेकांच्या नजरेखालून जातो. येथे पत्रा कापणारा, तारा जोडणारा आणि सर्वांत शेवटी, रंग वाळल्यावर, अक्षरे उमटविणारा बहुधा एकच असतो. ती अक्षरे कोरीव असावीत की छापील फितीवरची, हा प्रश्न गौण आहे, जरी हौशी निर्मात्यांच्या चर्चेत त्यालाच अग्रमान मिळत असला तरी.

या लेखनप्रकारात क्रियापदाला जागा नाही. एक नाम, पुष्कळदा त्याचाही संक्षेप, एवढ्यावर सारा अर्थ तोलावा लागतो. इंग्रजी फलकांवरील ‘ए-एल-टी’ ही तीन अक्षरे पाहावीत. त्यांचा अर्थ उंचीमापक असा होतो, वीज निर्माण करणारा आल्टरनेटर असाही होतो, आणि हवेचा पर्यायी मार्ग असाही होऊ शकतो. ज्याने तारा स्वतः जोडल्या त्याला संदिग्धता जाणवत नाही, कारण तो अक्षरे वाचतच नाही. त्याला ती आठवतात. लेखक आणि वाचक एकच असला की लेख कितीही अपुरा असला तरी पुरतो. ‘विमान माझे, मला सारे ठाऊक’ हा निर्मात्यांचा युक्तिवाद याच आधारावर उभा असतो. परंतु विमाने विकली जातात.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ एक लाँग-ईझी विमान समुद्रात कोसळून प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू झाला. विमान दुसऱ्याने बांधलेले होते. डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी निवडण्याची कळ वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. वैमानिकाच्या कक्षात इंधन येऊ नये, हा त्याचा हेतू होता, व तो अविचारी म्हणता येत नाही. मात्र कळीची मूठ वर केली की इंधन बंद, खाली केली की उजवी टाकी, आणि उजवीकडे वळविली की डावी टाकी, अशी तिची योजना झाली. तिच्यावर एकही अक्षर नव्हते. ती फिरविण्यासाठी अंग मागे वळवावे लागे, आणि तसे करताना उजवा पाय सुकाणूच्या पट्टीवर दाबला जाई. नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने अपघाताचे कारण म्हणून वैमानिकाचे विचलित झालेले लक्ष, त्याच्याकडून नकळत दाबली गेलेली पट्टी व त्याने पुरेसे इंधन न भरणे यांचा निर्देश केला. परंतु दुर्गम जागी बसविलेली अचिन्हांकित कळ हाही एक घटक मानला.

‘अचिन्हांकित’ या विशेषणाचे नेमके मोल काय? अक्षरे असती तरी ती खांद्यामागे होती. हवेत असताना वाचली गेली असती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांतील चाकांच्या व फ्लॅप्सच्या कळींची गल्लत होऊ लागली, तेव्हा अल्फॉन्स चापानिस यांनी मुठींना चाकाचा व फ्लॅपचा आकार देण्याचा उपाय सुचविला. १९४७ साली फिट्स व जोन्स यांनी कळी हाताळतानाच्या ४६० चुकांचे विश्लेषण केले, तेव्हा जवळजवळ निम्म्या चुका एका कळीऐवजी दुसरी कळ हाताळल्याच्या आढळल्या. हात अक्षरांपेक्षा जागा व आकार यांवर अधिक विसंबतो, हे यावरून स्पष्ट होते. तेव्हा नामाक्षरे हा दुय्यम उपाय होय, असे कोणी म्हणेल, आणि वाचकापुरते ते खरेही आहे.

लेखकापुरते ते खरे नाही. मुठीच्या उजवीकडे ‘डावी’ हा शब्द लिहिण्याची वेळ त्या निर्मात्यावर आली असती, तर योजनेतील विसंगती प्रथम त्याच्याच डोळ्यांपुढे उभी राहिली असती. लेखन ही रचनेची परीक्षा असते ती अशी. म्हणूनच अक्षरे शेवटी उमटविण्याचा प्रघात सदोष ठरतो; पत्रा कापण्यापूर्वी, कागदी नमुन्यावरच, प्रत्येक कळीचे नाव पूर्ण शब्दांत लिहिले गेले पाहिजे. संक्षेप नंतर करता येतात. नाव कळीच्या वर असावे, म्हणजे पुढे येणारा हात ते झाकत नाही, एवढी जाणही त्या नमुन्यासमोर बसल्यावर आपोआप येते.

त्या विमानात इंधनाची पातळी दाखविणाऱ्या काचाही अचिन्हांकितच होत्या, आणि मागच्या आसनावरूनच दिसण्याजोग्या होत्या. उड्डाणापूर्वी एका तंत्रज्ञाने डेन्व्हर यांना त्या खांद्यावरून पाहता याव्यात म्हणून एक लहान आरसा दिला होता. काचांवर आकडे असते, तर ते त्या आरशात उलटे दिसले असते.