सोडियमची वाहिनी आणि पहिला श्वास : एका अनुमानाची तपासणी

आज मुलचेऱ्यात आपण एका वाक्याची झडती घेऊ. 'सोडियमची वाहिनी नसेल तर नवजात बाळ श्वास घेऊन जगूच शकत नाही.' ऐकायला पक्के वाटते.

त्याला आधारही आहे बघा. पोटात असताना बाळाचे फुप्फुस पाण्याने भरलेले असते आणि ते पाणी फुप्फुसच स्रवते. जन्माच्या वाटेत छाती दाबली जाऊन ते पिळून निघते, असे पूर्वी सांगत. थोडे निघतेही. पण मोठे काम पेशींवरच्या सोडियम वाहिन्यांचे. कळांबरोबर अ‍ॅड्रेनलिन वाढते, वाहिन्या उघडतात, सोडियम आत जातो नि पाणी त्याच्यामागे. कळा न येता सिझेरियन झालेल्या बाळाला सुरुवातीला धाप लागण्याचा संभव जास्त, तो म्हणूनच. १९९६ साली हुमलर आणि सहकाऱ्यांनी उंदरांत या वाहिनीचा अल्फा घटक नाहीसा केला. पिल्ले ४० तासांच्या आत मेली; फुप्फुसातले पाणी हटलेच नव्हते.

इथवर ठीक. उंदरावरून बाळावर मारलेली उडी मात्र आम्हाला मान्य नाही. हीच वाहिनी निकामी घेऊन जन्मलेली माणसांची मुले आहेत. त्यांच्या श्वसनमार्गात पाणी जास्त राहते, पुढे न्युमोनियासारखी दुखणी वारंवार होतात; पण जन्मतः गुदमरून जाणे हा त्यांचा नियम नाही. जिवावर बेतते ते मूत्रपिंडामुळे. मीठ लघवीवाटे वाहून जाते, पोटॅशियम रक्तात साठते, हृदयाची लय बिघडते. आणि उंदरांतसुद्धा, बीटा किंवा गॅमा घटक काढला तेव्हा फुप्फुसातले पाणी सावकाश का होईना ओसरले. पिल्ले दगावली ती पोटॅशियम वाढून. माणसात डेल्टा नावाचा आणखी एक घटक असतो, उंदरात त्याचा जनुक निकामी आहे. फरकाचे कारण तेच, असे लगेच ठरवणे ही पुन्हा तीच घाई.

हा काथ्याकूट इथे कशाला, असे कुणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत घरोघरी नवजातांची काळजी घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला हिशेब असा की तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. वाहिनीचे नावही न घेता! श्वास मोजणे, वजन करणे, दूध ओढतंय का ते बघणे, संसर्गावर वेळीच औषध. जे मरण सर्रास येते त्याला ही पद्धत थेट भिडली.

मीठ गमावणारे बाळ मात्र या लक्षणांच्या जाळ्यातून निसटू शकते. ओकाऱ्या, सुस्ती, उतरते वजन: संसर्गातही हेच दिसते की नाही? आजार फार दुर्मीळ आहे. गावोगाव यंत्रे बसवा असे आमचे म्हणणे नाही. पण औषध देऊनही बाळ खंगत असेल, आधीचे भावंड असेच गेले असेल, आईबापांचे लग्न नात्यातले असेल, तर मोठ्या दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीवर 'सोडियम-पोटॅशियम तपासावे' एवढे लिहिता येते. निदान झाले तर मीठ भरपूर द्यावे लागते आणि पोटॅशियम उतरवावे लागते. मीठ राखणाऱ्या संप्रेरकाची गोळी इथे लागू पडत नाही. ते संप्रेरक या बाळाच्या रक्तात आधीच वाढलेले असते, फक्त त्याचे ऐकणारी वाहिनीच धड नसते.