दोन ज्ञानशाखा आणि एक आकडा : एच-निर्देशांकाची मर्यादा

प्रस्तावना

संशोधकाच्या कार्याचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न प्राध्यापकाची निवड, पदोन्नती आणि अनुदान यांच्याशी थेट निगडित आहे. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी त्यावर एच-निर्देशांक सुचविला. एखाद्या संशोधकाच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० वेळा इतरांनी संदर्भ म्हणून उद्धृत केले असेल आणि २१ निबंधांबाबत तसे म्हणता येत नसेल, तर त्याचा निर्देशांक २० होय. दोन ज्ञानशाखांच्या सीमेवर काम करणाऱ्या संशोधकाला हे माप कितपत न्याय देते, याचा विचार प्रस्तुत लेखात चेताविज्ञान आणि संगणकशास्त्र यांच्या संदर्भात केला आहे.

निर्देशांकाची बलस्थाने

या निर्देशांकाचे गुण नाकारता येत नाहीत. तो सुबोध आहे. एकाच गाजलेल्या निबंधाने तो फुगत नाही आणि दुर्लक्षित निबंधांच्या राशीनेही वाढत नाही. निवड समितीच्या मर्जीपेक्षा आकडा बरा, असे अनेकांना वाटते आणि त्यात तथ्य आहे. जीवविज्ञानातील निर्देशांक भौतिकशास्त्रातील निर्देशांकांपेक्षा मोठे असतात, हे हिर्श यांनी मूळ निबंधातच नोंदविले होते. म्हणजेच वेगवेगळ्या शाखांतील आकड्यांची थेट तुलना करू नये, हा इशारा मापाबरोबरच आला होता. वापरणाऱ्यांनी माप घेतले, इशारा मात्र मागे ठेवला.

डेव्हिड मार यांचे उदाहरण

केंब्रिज येथे गणिताचे शिक्षण घेऊन डेव्हिड मार मेंदूच्या अभ्यासाकडे वळले. १९६९ साली त्यांनी अनुमस्तिष्काविषयी, म्हणजे लहान मेंदूविषयी, सिद्धांत मांडला : हालचाली शिकताना तेथील विशिष्ट चेतापेशींमधील जोडण्यांचे बळ बदलते. हे बळ वाढते, असे मार यांचे मत होते. १९७१ साली जेम्स आल्बस यांनी ते घटते, असे प्रतिपादन केले आणि याच विचारातून पुढे यंत्रमानवाच्या नियंत्रणाची एक संगणकीय पद्धती १९७५ साली सिद्ध केली. १९८२ मध्ये मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाद्वारे जोडण्यांचे बळ घटत असल्याचे दाखविले.

येथे प्रभावाचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. मार यांचा एक तपशील खोडला गेला, पण त्यांच्या प्रश्नाने प्रयोगशाळेला आणि यंत्रशास्त्राला एकाच वेळी दिशा दिली. संदर्भांची मोजणी करणाऱ्या सूचीत मात्र खंडन करणारा संदर्भ, पुढे नेणारा संदर्भ आणि केवळ उपचार म्हणून दिलेला संदर्भ, तिन्ही एकच भरतात.

१९७३ साली मार एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत गेले आणि दृष्टीच्या प्रश्नावर काम करू लागले. १९८० साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘व्हिजन’ हा त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये मरणोत्तर प्रकाशित झाला. कोणत्याही माहिती-प्रक्रियेचा विचार तीन पातळ्यांवर करावा, म्हणजे ती काय साधते, कोणत्या रीतीने साधते आणि कोणत्या पेशींत वा यंत्रात साधते हे वेगवेगळे पाहावे, ही त्यांची मांडणी आज दोन्ही शाखांत शिकविली जाते. संगणकीय दृष्टीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतील सर्वोत्तम निबंधाचे पारितोषिक त्यांच्या नावाने दिले जाते.

एच-निर्देशांक निबंधांच्या संख्येपलीकडे जाऊ शकत नाही. अल्पायुषी संशोधकाला ही मर्यादा जन्मभर आणि मृत्यूनंतरही चिकटून राहते. ग्रंथ कितीही वाचला गेला, तरी या गणनेत तो फार तर एक नोंद ठरतो. आणि एखादा विचार पाठ्यक्रमात मुरला की त्याचा संदर्भ देण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

शाखांच्या रूढी

याखेरीज दोन्ही शाखांच्या प्रकाशनाच्या रूढी भिन्न आहेत. संगणकशास्त्रात परिषदेत सादर झालेल्या निबंधाला मोठी प्रतिष्ठा आहे, चेताविज्ञानात नियतकालिकाला. सैद्धांतिक संगणकशास्त्रात लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे येतात, तर चेताविज्ञानात पहिले आणि शेवटचे स्थान अर्थपूर्ण असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दोनपेक्षा अधिक लेखक असल्यास प्रथम वा पत्रव्यवहार-लेखकाला ७० टक्के आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के गुण देण्याची तरतूद करण्यात आली. वर्णानुक्रमाने मागे पडणाऱ्या आडनावाच्या प्राध्यापकाला अशा नियमाचा फटका बसू शकतो. त्यात त्याच्या संशोधनाचा काहीही दोष नसतो.

समारोप

२०१२ साली तयार होऊन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या प्रभावांकावरून निबंधाची योग्यता ठरवू नये, असे म्हटले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने संख्यात्मक मोजमाप हे तज्ज्ञांच्या गुणात्मक परीक्षणाला साहाय्यक असावे, हे पहिले तत्त्व मांडले. आपल्या महाविद्यालयांत हे अमलात आणणे अशक्य नाही. उमेदवाराने स्वतःचे तीन निबंध निवडावेत, प्रत्येकाने पुढे काय घडविले हे पानभर लिहावे आणि दोन्ही शाखांतील एकेका तज्ज्ञाने ते निबंध प्रत्यक्ष वाचावेत. यासाठी वेळ लागेल आणि मर्जीचा धोकाही पूर्णतः टळणार नाही. म्हणून परीक्षकांनी आपला अभिप्राय सकारण व लेखी द्यावा. आकडा सोबत असावा, परंतु निबंध न वाचता दिलेल्या निर्णयाचा तो आधार होऊ नये.